देवाच्या खोलीतला सर्व्हर

६ ऑगस्ट, बुधवार

शेजारच्या गाळ्यातल्या यशवंतरावांचे सगळे कॉम्प्युटर आज सकाळी गेले. गेले म्हणजे चालू आहेत, पण एकही फाइल उघडत नाही. ड्रॉइंग, बिलं, पगार, सगळ्याला कुणीतरी कुलूप घातलंय. पडद्यावर इंग्रजीत धमकी आणि पैसे कुठे धाडायचे ते. मी गेलो तेव्हा यशवंतराव नुसते बसून होते. चहावर साय धरली होती. म्हणाले, "सयाजी, चोर दिसला तर दोन हाणता तरी येतात रे."

दुपारी आमच्या मालकांनी, भिमाजीशेठनी बोलावलं. ते या चिखलीतलेच, जुन्या घरातले. म्हणाले, "आपल्या कॉम्प्युटरला बी काय कुलूप लागतंय ते लाव. आन त्या खोलीत तुज्याबिगर कोनी पाय ठेवायचा न्हाई."

ती खोली ऑफिसच्या मागे आहे. कारखान्यात एसी तेवढ्याच खोलीला, म्हणून सर्व्हर तिथे. सर्व्हर म्हणजे दिसायला साधाच कॉम्प्युटर, पण सगळ्या कामाचा जीव त्यात. पत्रा दाबणाऱ्या प्रेसची धूळ आणि तेल तिथे पोचत नाही म्हणून शेठनी देवही तिथेच मांडले. गणपती, त्यांचा भैरवनाथ, आणि मी आणलेली तुळजाभवानीची तसबीर. मी स्टोअर आणि ऑफिस दोन्ही पाहतो. सकाळी चपला बाहेर काढून आत जातो, दिवा लावतो आणि त्याच फडक्याने सर्व्हरचा पडदाही पुसतो. कोणी सांगितलेलं नाही. हात आपोआप जातो.

८ ऑगस्ट, शुक्रवार

ज्ञानेश येऊन गेला. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, निगडीचा. फायरवॉल नावाचं राखणदार सॉफ्टवेअर टाकायचं ठरलं. सर्व्हरसाठी वेगळं मिळतं, पण त्याला दर वर्षी पैसे लागतात. घरगुती वापराचं फुकट आहे. रणजीतदादा, शेठचे चिरंजीव, आता कारभार तेच बघतात. म्हणाले, "काका, राखणदार तो राखणदार. फुकटचं टाका."

ज्ञानेशला पटलं नाही. "काका, हे घरच्या कॉम्प्युटरसाठी बनवलंय. हे सारखं विचारतं. याला बाहेर जाऊ देऊ का, त्याला आत येऊ देऊ का. घरी समोर माणूस बसलेला असतो. सर्व्हरसमोर कोण बसतं?"

"मी आहे की."

"तुम्ही काय दिवसभर आरती करणार?" असं म्हणून हसला, पण टाकून दिलं. टाकताना त्याने गणपतीकडे पाठ केली होती. मी त्याला जरा सरकायला सांगितलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

राखणदार मला आवडला. दिवा लावून उदबत्ती ओवाळेपर्यंत टिंग असा आवाज येतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उघडते. अमुक प्रोग्रॅमला बाहेर जायचं आहे, परवानगी द्यायची का? मी चष्मा लावून नाव वाचतो. ओळखीचं असलं की हो. आमचा मालाची सूचना पाठवायचा प्रोग्रॅम तर नेहमीचाच. तो दर दोन-चार दिवसांनी स्वतःला नवा करून घेतो, आणि नवा झाला की राखणदार त्याला परका समजून पुन्हा विचारतो. ज्ञानेशने हे सांगितलं होतं म्हणून कळलं.

न विचारता आत येणाऱ्यांच्या दुनियेत विचारणारा कोणी आहे, हे बरं वाटतं. मी नसेन तेव्हा तो आपल्या अकलेने ठरवत असेल.

२० ऑगस्ट, बुधवार

आज आमच्या ड्रायव्हरची, भिवाची गाडी चाकणच्या कंपनीच्या गेटवर अडकली. आम्ही त्या कंपनीला गाडीच्या सीटखालचे ब्रॅकेट देतो. माल निघाला की आधी कॉम्प्युटरवरून तशी सूचना जावी लागते. ती गेटवर पोचली नाही, तर माल समोर दिसत असूनही गाडी आत घेत नाहीत. सूचना पाठवायचं काम वर्षालीचं. तिच्या टेबलावरून ती सर्व्हरमार्फत बाहेर जाते. पोरगी अहमदपूरकडची, वडील नाहीत, आई डबे करते, भाऊ आयटीआयला. दिवाळीला तिला कायम करायचं चाललंय.

रणजीतदादा तिच्या टेबलाशी उभे. "पाठवलीस का नाही?"

"पाठवली सर. हे बघा, हिरवं आलंय. पाठवले असं लिहिलंय."

"हिरवं तुझ्या पडद्यावर आलंय. गेटवर काय आलंय?"

शेवटी त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवरून कंपनीच्या साइटवर जाऊन सूचना टाकली. ती लगेच गेली. भिवा फोनवर म्हणाला, "दादा, माझं पण कुठंतरी नाव टाका, मला पण आत घेत न्हाईत."

मी सकाळी निगडीला बँकेत गेलो होतो. आज पूजा झाली नाही. संध्याकाळी हे लक्षात आलं आणि मनाला लागून राहिलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल आणि आज वेळेवर पूजा केली. काल आणि आज सूचना बिनबोभाट गेली. मी कोणाला बोललो नाही. अशा गोष्टी बोलायच्या नसतात. पण घरी सुभद्राला सांगितलं. ती म्हणाली, "देवी बघतीया म्हणा की." आणि चपात्या लाटत राहिली.

२ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीचे दिवस. मधे एकदा पाय मुरगळला म्हणून उशिरा पोचलो, पूजा दुपारी. त्याच दिवशी पुन्हा तेच. गाडी गेटवर, वर्षालीचं हिरवं, दादांचा आवाज. मी आत जाऊन दिवा लावला, राखणदाराच्या प्रश्नाला हो म्हटलं. थोड्या वेळाने वर्षालीने पुन्हा पाठवली तर गेली.

आता मला शंका उरली नाही. या खोलीत देवाचं सत्त्व आहे आणि ते कामावर चालतं. मी वर्षालीला म्हणालो, "सूचना पाठवायच्या आधी एकदा देवीचं नाव घेत जा." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "घेते काका. पण आत एकदा बघाल का? मला पाठवताना आतून टिंग ऐकू येतं."

"ती राखणदाराची घंटा."

"मग ती वाजल्यावर काय होतं?"

मी सांगितलं, परवानगी विचारतो. ती पुढे काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात स्टोअरमधून हाक आली.

९ सप्टेंबर, मंगळवार

गावाहून फोन. आबा गेले. माझे धाकटे चुलते. ज्यांच्या सायकलवर बसून मी शाळेत जात असे. निघालो आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

परत आलो. दहाव्याला पुन्हा जायचं आहे. भावकीतलं म्हणजे दहा दिवसांचं सुतक. घरातले देव सुभद्राने झाकून ठेवलेत.

कारखान्यातल्या देवांचं काय, म्हणून शेठना विचारलं. म्हणाले, "देवाला धा दिस अंधार चालतोय. खोली बंद ठिव. उगा इटाळ नको."

मी कुलूप लावलं. एसी आणि सर्व्हर चालू ठेवला. त्याला काय, तो आपला आत काम करत राहतो. किल्ली खिशात आहे, पण दाराजवळून जाताना मी बाजूने जातो.

१३ सप्टेंबर, शनिवार

गाडी अडकली. मला सकाळपासून वाटतच होतं. दिवा नाही, पूजा नाही.

वर्षाली माझ्या टेबलाशी आली. हळू बोलत होती. "काका, मी आज मुद्दाम कान देऊन बसले. मी बटण दाबलं की आत टिंग होतं. मग काही नाही. आणि माझं जात नाही. दार उघडा ना. एकदा बघू द्या."

"मला सुतक आहे बाळा."

"मला नाही ना. मी जाते. तुम्ही बाहेरून सांगा."

मी नाही म्हणालो. शेठचा हुकूम आहे, माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. तिच्या हातून चुकून भलत्यालाच हो म्हटलं गेलं तर यशवंतरावांसारखी गत व्हायची. हेही तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्ही या. देवाला हात लावू नका, फक्त पडद्याकडे बघा."

तो पडदा देवांच्या शेजारी आहे. रोज हळदकुंकू लागतं त्याला. मी कसा जाणार? म्हणालो, "दहा दिवसांचा प्रश्न आहे. देवी सांभाळून घेईल."

"दहा दिवस मला कोण सांभाळणार काका?"

मला तिचं बोलणं उद्धट वाटलं. आता लिहिताना तसं वाटत नाही. लहान आहे, घाबरली आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज मोठं झालं. गाडी गेटवर उभी, दादा लॅपटॉपवरून सूचना टाकेपर्यंत चाकणला आमचे ब्रॅकेट संपले आणि त्यांची जोडणीची लाइन थांबली. लाइन थांबणं म्हणजे काय, हे या पट्ट्यात कोणालाही विचारा. दादांच्या फोनमधला ओरडा मला टेबलापर्यंत ऐकू येत होता. फोन ठेवून ते वर्षालीकडे गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या लॅपटॉपवरून जातं, तुझ्यावरून जात नाही. मोबाइलमध्ये डोकं असल्यावर कसं जाणार?"

"सर, आत बघा. आत काहीतरी अडतंय."

"आत काका बघतात. काकांनी आजवर कधी चूक केली आहे का?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी खाली पाहिलं. मला वाटलं, माझी स्तुती झाली म्हणून मी खाली पाहतोय.

१७ सप्टेंबर, बुधवार

वर्षालीला काढलं.

चाकणच्या कंपनीला लेखी कारण द्यावं लागतं. काय चुकलं, का चुकलं, पुन्हा चुकू नये म्हणून काय केलं. याला सगळे रूट कॉज म्हणतात. दादांनी लिहिलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा, ऑपरेटरला कमी केले. असं लिहिलं की समोरच्याचं समाधान होतं आणि प्रकरण बंद होतं. मोटारीच्या धंद्यात माणसाची चूक लिहायला सोपी. यंत्राची लिहिली की ते यंत्र बघायला येतात.

ती डबा, पाण्याची बाटली आणि टेबलावरची देवीची छोटी मूर्ती पिशवीत घालत होती. ती मूर्ती मीच दिली होती. मी म्हणालो, "मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन."

तिने मान हलवली. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

२० सप्टेंबर, शनिवार

सुतक फिटलं. गावाहून दहावं करून आलो. आज गोमूत्र शिंपडून खोली उघडली, देव धुतले, दिवा लावला. सर्व्हर चालूच होता. टिंग झालं, चौकट आली, हो म्हटलं.

सूचना गेली. आता ती रणजीतदादाच पाठवतात. म्हणाले, "बघा, पोरगी गेली आणि सगळं सरळ झालं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही. पण घरी येताना मोशीच्या सिग्नलला उभा होतो तेव्हा वाटलं, दिवा लागला म्हणून सरळ झालं की पोरगी गेली म्हणून? दोन्ही एकदम खरं कसं असेल? आणि दिवा लागला म्हणून असेल, तर पोरीचा काय दोष?

हिरवा झाला तरी मी उभाच. मागचा हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला आणि बाजूने गेला.

२७ सप्टेंबर, शनिवार

नवरात्र चालू. रोज सकाळी त्या खोलीत बसून पाठ वाचतो. रोज सूचना जाते. शेठ खूश आहेत. मला मात्र पाठात मन लागत नाही.

आज दादांना फोन आला. चाकणच्याच दुसऱ्या एका कारखान्यातून. वर्षाली तिथे मुलाखतीला गेली होती आणि ते तिच्याबद्दल विचारत होते. दादा म्हणाले, "मी कोणाच्या पोटावर पाय देणारा माणूस नाही हो. पण लाइन थांबली होती आणि रिपोर्टमध्ये जे आहे ते आहे." फोन ठेवून मला म्हणाले, "आता खोटं कसं बोलायचं काका?"

भिवाने सांगितलं की ती हल्ली हिंजवडीजवळ माणला जाते. तिथल्या आयटीवाल्यांच्या मेसमध्ये भाजी चिरायला. "डबल ग्रॅज्युएट हाय काका ती. कांदा पण टायपिंगच्या स्पीडनं चिरत असंल." मी हसलो नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

जे घडलं ते घडलं तसं लिहितो.

आज यंत्रं बंद. प्रेस धुतले, पुसले, झेंडूच्या माळा घातल्या. तयार माल मात्र जाणार होता. दसऱ्याला चाकणची कंपनी चालू. भिवाची गाडी भरून निघाली. दादा बाहेर वर्षालीच्या टेबलाशी बसले.

मी आत सर्व्हरच्या पूजेला बसलो. वाटीत कुंकू पाण्यात कालवत होतो. दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. टिंग झालं. चौकट आली. परवानगी द्यायची का? त्या हातांनी माऊसला हात लावता येईना आणि फडकं बाहेर राहिलं होतं. म्हणून मी नुसता पाहत बसलो. आजवर मी आवाज आला की लगेच हो म्हणत आलो. ती चौकट कधी पाहत बसलो नव्हतो.

चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात आकडे होते. ते कमी कमी होत चालले होते. शून्यावर आले, चौकट आपोआप मिटली, आणि एक ओळ येऊन गेली. उत्तर न मिळाल्याने थांबवले.

बाहेरून दादा म्हणाले, "गेली. हिरवं आलं."

कुंकवाचे हात तसेच धरून मी बसून राहिलो. ज्ञानेश हसून म्हणाला होता ते सगळं एकदम कळलं. मी नसेन तेव्हा तो अकलेने ठरवत नव्हता. तो विचारायचा, वाट बघायचा आणि दार लावून घ्यायचा. हिरवं म्हणजे सूचना सर्व्हरपर्यंत पोचली, एवढंच. मी पूजेला असलो की माझं बोट तिथे असे, म्हणून काम होई. देवीने नव्हे, बोटाने. आणि सुतकाचे दहा दिवस तो त्या बंद खोलीत विचारत राहिला. दारापलीकडे ती पोरगी टिंग ऐकत बसली होती.

अजूनही एक आशा होती की मी चुकत असेन. मग भिवाचा फोन आला. "दादा, गेटवाला म्हणतोय तुमचा माल अजून निघालाच न्हाई. मग मी हितं कोन उभा हाय?"

दादांना आत बोलावलं. सगळं सांगितलं. हात धुतले, पुन्हा पाठवायला लावली, चौकट आली, हो म्हटलं. दहा मिनिटांत गाडी आत. त्यांनी ते स्वतः पाहिलं. मग दार लोटून घेतलं.

"काका, कोणाला बोललात?"

"नाही. आधी वर्षालीला बोलवू."

"तो रिपोर्ट बंद झालाय. सात तारखेला त्यांचं ऑडिट आहे. नवीन पार्टची ऑर्डर त्यावर ठरणार. सर्व्हरवर घरगुती फुकटचं सॉफ्टवेअर, आणि वर खोटं कारण लिहून दिलं, हे कळलं तर नवीन सोडा, आहे ते पण जाईल. बाहेर माळा घालताय ना प्रेसला, त्या प्रत्येक प्रेसमागे एक घर आहे." मग जरा मऊ आवाजात, "मी ज्ञानेशला सांगून चांगलं टाकून घेतो. ऑडिट झालं की. तुम्ही त्या दिवशी रजा टाका."

आरतीला मी टाळ्या वाजवल्या. नखांतलं कुंकू अजून निघालेलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

शेठना सोनं द्यायला घरी गेलो. आपट्याची पानं हातात दिली, पाया पडलो आणि सांगून टाकलं. ते झोपाळ्यावर होते. झोपाळा थांबला.

"रणजीतनं सांगितलंय मला."

"मग?"

"सयाजी, पोरगं बी माजंच हाय आन कारखाना बी माजाच हाय. तू काय करायचं ते मला इचारू नको. मी न्हाई म्हनलो तर पाप, व्हय म्हनलो तर बी पापच."

मी निघालो तेव्हा त्यांनी पानं अजून हातातच धरली होती.

६ ऑक्टोबर, सोमवार

झोप नाही. रजेचा अर्ज लिहून खिशात आहे.

सुभद्राला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, ज्यांचं मीठ खाल्लं त्यांचं पाहा. ती म्हणाली, "त्या पोरीची आई आपल्या गल्लीतल्या मेसला डबे देती. मागच्या आठवड्यात भेटली. मला म्हणाली, तुमचे हे फार देवमाणूस आहेत, माझ्या पोरीसाठी प्रार्थना करतात." एवढं सांगून ती उठून गेली.

खोटं तर बोलायचं नाही. फक्त घरी राहायचं. घरी राहण्यात पाप ते काय?

७ ऑक्टोबर, मंगळवार

गेलो.

दादांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला, पण ऑडिटवाल्या मॅडम समोरच होत्या. मिनल मॅडम. वय फार नाही, आवाज शांत. प्रेस पाहिले, माल पाहिला, समाधानी होत्या. मग तो लाइन थांबल्याचा रिपोर्ट काढला. "ऑपरेटरला कमी केलं, ठीक. नवा ऑपरेटरही तीच चूक करू शकतो. ती होऊ नये म्हणून काय केलं?"

दादा म्हणाले, "ट्रेनिंग."

"सूचना कुठल्या मशीनवरून बाहेर जाते?"

दादांनी मागची खोली दाखवली. मॅडम चपला काढून आत आल्या. कोणी सांगितलं नव्हतं. देवांना हात जोडले, मग सर्व्हरकडे वळल्या. पडद्यावरच्या राखणदाराच्या चिन्हाकडे बोट केलं. "हे तर घरगुती आहे. हे परवानगी मागत असेल. कोण देतं?"

"मी देतो," मी म्हणालो.

"आणि तुम्ही नसता तेव्हा?"

दादा म्हणाले, "मॅडम, काका कायम असतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात धाक नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. मी म्हणालो, "मी नसतो तेव्हा कोणी नसतं. थोडा वेळ वाट बघून ते दार बंद करतं. त्या दिवसांत मला सुतक होतं. मी या खोलीला कुलूप लावलं होतं. ती मुलगी रोज वेळेवर पाठवत होती. तिने मला दार उघडायला सांगितलं होतं. मी उघडलं नाही."

मॅडमनी रिपोर्टवर पेन टेकवलं, उचललं. मग दादांना विचारलं, "त्या मुलीचं नाव काय?"

दादांनी नाव सांगितलं. पूर्ण नाव त्यांना आठवेना. ते मी सांगितलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

नवीन पार्ट नाही. आहे ते काम राहिलं, पण तीन महिने देखरेखीखाली. रिपोर्ट बदलून मागितला आहे. ज्ञानेशने घरगुती राखणदार काढून सर्व्हरचा टाकला. हा विचारत नाही. एकदा नियम लावून दिले की त्याप्रमाणे चालतो, कोणी असो नसो.

दादा माझ्याशी बोलत नाहीत. प्रेसवरची दोन माणसं नव्या पार्टच्या भरवशावर घेणार होते, ती राहिली. त्यातल्या एकाचा बाप आज गेटवर भेटला. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

वर्षाली आली होती. शेठनी स्वतः निरोप धाडला होता. पांढरा ड्रेस, खांद्याला पर्स, बोटाला चिरल्याची पट्टी. शेठनी तिला बसायला खुर्ची दिली आणि आपण उभे राहिले. म्हणाले, "पोरी, चूक आमची व्हती. चाकणला तसं लिहून दिलंय. त्या दुसऱ्या कारखान्याला बी मीच फोन केला. आता तू परत ये. दिवाळीपासनं कायम."

"त्यांनी मला घेतलं आजोबा. सोमवारपासून."

"हितं काय कमी हाय?"

"इथे मी खोटी ठरले, तेव्हा कोणी आत जाऊन बघितलं नाही. तिथे मला अजून कोणी ओळखत नाही. ते बरं."

शेठनी मान खाली घातली. दादा त्यांच्या केबिनमध्ये होते. काचेतून दिसत होते, बाहेर आले नाहीत.

ती निघाली तेव्हा मी जिन्यापर्यंत गेलो. काय बोलायचं ते सकाळपासून जुळवून ठेवलं होतं, सगळं विसरलो. विचारलं, "माझ्यावर राग आहे का?"

"आहे."

"बरं," मी म्हणालो.

"राहू द्या थोडे दिवस. जाईल तेव्हा जाईल." मग पायरीवर थांबून म्हणाली, "काकूंना नमस्कार सांगा." आणि उतरली.

संध्याकाळी पूजेला बसलो. नेहमीसारखे तिच्यासाठी हात जोडले, पण देवीकडे मागायला काही सुचेना. त्या पोरीला जे मागायचं होतं ते तिचं कधीच मागून झालं होतं. माझ्याकडे.